दारूचा हिशेब : ‘सर्च’ची वाटचाल आणि जव्हार-मोखाडा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. चार वर्षांनी, १९८६ साली, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोघेही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले होते. उपचार तर करायचेच, पण लोकांच्या दुखण्यांचा अभ्यासही लोकांच्या गावातच करायचा, असे त्यांनी ठरवले होते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून त्यांनी स्त्रीरोगांचा अभ्यास केला. तो १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे जगाला कळले. दवाखान्याची पायरी न चढलेल्या बाईचे दुखणे दवाखान्याच्या रजिस्टरात कधीच उतरत नाही, हा या संस्थेचा पहिला धडा. दारूच्या बाबतीत पुढे तोच उपयोगी पडला.

ही वाटचाल मी जव्हार-मोखाड्याच्या बाजूने वाचतो. गडचिरोली राज्याच्या पूर्व टोकाला आणि आपण पश्चिमेच्या डोंगरात, तरी पुष्कळ गोष्टी सारख्या आहेत. इथे तर लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा सगळ्यांचा हा मुलूख. फागुन-चैतात मोह गळतो, नागली-वरीवर पावसाळा निघतो आणि दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्टीच्या व बांधकामाच्या कामावर वसई-भिवंडीकडे निघून जातात. लग्नाच्या चौकापासून मर्तिकापर्यंत दारूचा मान असतो. दारूने काय होते हे कोणत्याही पाड्यावर विचारा, बाया सांगतील. पण किती माणसे पितात, किती जण त्यापायी आजारी आहेत, घरटी किती पैसा जातो, हे कागदावर दाखवा म्हटले की हात रिकामे राहतात. गडचिरोलीने हा कागद पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी तयार केला. म्हणून ही वाटचाल सविस्तर सांगण्याजोगी वाटते.

दारूचा विषय ‘सर्च’ने निवडला असे म्हणण्यापेक्षा तो बायांनी पुढे ठेवला, असे म्हणणे खरे ठरेल. डॉक्टर आजारांबद्दल विचारत होते आणि बाया नवऱ्याच्या पिण्याबद्दल बोलत होत्या. मारहाण, विकलेले धान्य, बुडालेली मजुरी, पोरांची उपासमार. त्या काळी आरोग्यसेवेच्या लेखी दारू हा आजार नव्हता. ते पोलिसांचे किंवा उत्पादन शुल्क खात्याचे काम मानले जाई, फार तर समाजसुधारकांचे. बायांच्या तक्रारीला संशोधनाचा विषय मानणे हीच ‘सर्च’ची मोठी झेप होती.

दुसरी झेप पद्धतीची. पाहणी करायला बाहेरून पगारी माणसे उतरवली नाहीत. गावातल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या गावाचा हिशेब लावला. कोण पितो, कोण पिऊन कामावरून गेला, दुकानात महिन्याला किती माल खपतो, या गोष्टी गावाला ठाऊक असतात; फक्त कोणी त्यांची बेरीज केलेली नसते. अशा बेरजेतून जिल्ह्याचे चित्र उभे राहिले. सुमारे एक लाख पुरुष दारू पीत होते आणि त्यातले पंधरा ते वीस हजार व्यसनाधीन होते. वर्षाला सुमारे २० कोटी रुपये दारूवर जात होते. त्याच काळात सरकारची जिल्ह्याच्या विकासाची वार्षिक योजना सुमारे १४ कोटींची होती. म्हणजे सरकार एका हाताने जेवढे देत होते, त्याहून जास्त लोकांच्या खिशातून दारूवाटे निघून जात होते आणि त्यातला एक वाटा कररूपाने पुन्हा सरकारच्याच तिजोरीत पडत होता.

या दोन आकड्यांनी जे केले ते शंभर भाषणांनी झाले नसते. पिणे वाईट असे सांगणाऱ्याला ‘तुझे काय जाते’ असे विचारता येते. १४ आणि २० या आकड्यांना असा प्रश्न विचारता येत नाही. लोकांनी स्वतः मोजलेले असल्यामुळे ते गावोगाव लोकांच्याच तोंडी गेले. १९९१ साली बंग दांपत्याने हा अनुभव जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘वर्ल्ड हेल्थ फोरम’ या नियतकालिकात मांडला. संशोधन आणि कृती या दोन्हींत लोकांचा सहभाग हाच त्या लेखाचा विषय होता.

आकड्यांमागून चळवळ आली. ग्रामसभांचे ठराव झाले, मोर्चे निघाले, दुकानांपुढे बायांनी ठाण मांडले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने अभ्यासगट चालवून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घालून दिली होती. तिथल्या बायांनीही दारूचा प्रश्न गावापुढे आणला होता. पाच-सहा वर्षे हे चालले आणि १९९३ साली शासनाने गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. वर्धा जिल्ह्यातली बंदी गांधींच्या स्मृतीसाठी आधीच आली होती. गडचिरोलीतली मात्र लोकांच्या मागणीवरून आणि लोकांनीच केलेल्या मोजणीच्या आधारावर आली. त्याच सुमारास ‘सर्च’चे शोधग्राम हे वसतिस्थान आणि माँ दंतेश्वरी दवाखाना उभा राहिला, आणि व्यसनमुक्तीचे उपचार संस्थेच्या कामाचा भाग बनले.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यापुढचा भाग, कारण बंदी आली म्हणून संस्थेने वही मिटली नाही. कायदा झाला, परवान्याची दुकाने उठली, तरी हातभट्टी राहिली आणि शेजारच्या जिल्ह्यांतून व राज्यांतून माल येत राहिला. वीस-बावीस वर्षांनी पुन्हा नमुना पाहणी झाली, तेव्हा बंदी असलेल्या जिल्ह्यातही पुरुषांमध्ये पिण्याचे प्रमाण मोठे असल्याचे आणि तंबाखूने तर घरोघर ठाण मांडल्याचे दिसले. आपल्याच यशावर आपणच पुन्हा मोजपट्टी ठेवायची आणि आलेले उत्तर लपवायचे नाही, हे सोपे नाही. ज्या संस्थांना देणगीदार सांभाळायचे असतात त्यांना तर मुळीच नाही. या एका गोष्टीसाठी ‘सर्च’बद्दल माझ्या मनात आदर आहे.

त्या पाहणीतून ‘मुक्तिपथ’ निघाला, आणि इथे सरकारी पैसा प्रथमच उघडपणे या कामात आला. २०१६पासून महाराष्ट्र शासन, टाटा ट्रस्ट आणि ‘सर्च’ यांनी मिळून गडचिरोलीच्या बाराही तालुक्यांत दारू आणि तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. राज्य पातळीवर मुख्यमंत्र्यांच्या आणि जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती गट नेमले गेले. गावागावांत संघटना, शाळांमधून जागृती, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचाराचे दवाखाने आणि कायद्याची अंमलबजावणी, अशी चहूकडून आखणी झाली. या सगळ्याला ठराविक काळाने नमुना पाहणीची जोड होती. कार्यक्रम चालवणाऱ्यानेच परिणाम मोजावा का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. पण न मोजता चालणाऱ्या शेकडो सरकारी योजनांपुढे ही मोजणी कितीतरी बरी.

सरकारने या अभ्यासांना पैसा द्यावा, यात उपकार कसला? राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याचा वार्षिक महसूल आता वीस हजार कोटींहून अधिक आहे. दुसरीकडे राज्यघटनेचे ४७वे कलम सांगते की, औषधी उपयोग सोडून मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा. हे कलम आणि हा महसूल यांच्या मध्ये कुठे उभे राहायचे, ते सरकारने ठरवावे. पण मिळकत कोटींत मोजणाऱ्याने नुकसानही मोजलेच पाहिजे. चंद्रपूरचा अनुभव ताजा आहे. पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ने चालवलेल्या दीर्घ लढ्यानंतर १ एप्रिल २०१५पासून तिथे दारूबंदी झाली आणि सरकारने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर २०२१च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. बंदी हवी की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण अशा निर्णयाच्या आधी आणि नंतर घराघरांतून स्वतंत्र आरोग्य पाहणी हवी. बायांना मार किती पडला, दवाखान्यात किती आले, पोरांच्या ताटात काय पडले, हे पाहिल्याविना घातलेली किंवा उठवलेली बंदी अंदाजावरच चालते.

केंद्र सरकारच्या खर्चाने झालेले मोठे अभ्यासही आहेत, आणि त्यांचा दर्जा कमी लेखता येणार नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने देशव्यापी पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. जवळजवळ पावणेपाच लाख माणसांशी बोलून काढलेला निष्कर्ष असा : १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के आहे. मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख. आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळालेला. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात मद्यसेवनाच्या विकारांपुरते पाहिले तर ८६ टक्के रुग्ण उपचाराबाहेर असल्याचे आढळले. ते बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

जव्हार-मोखाड्याच्या माणसाला हे आकडे वाचून काय हाती लागते? ‘एम्स’चे अंदाज राज्यापर्यंत येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंत येते आणि तिथे थांबते. आणि आपला जिल्हा कोणता, तर पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा. २०११च्या जनगणनेत या आठ तालुक्यांची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती. त्यातले तेरा लाखांहून अधिक लोक एकट्या वसई तालुक्यात, जव्हारमध्ये सुमारे एक लाख चाळीस हजार आणि मोखाड्यात सुमारे त्र्याऐंशी हजार. विरार-नालासोपाऱ्याच्या इमारती आणि मोखाड्याचे पाडे एकत्र करून काढलेली सरासरी मोखाड्याबद्दल काहीच सांगत नाही. आपण आकड्यांत आहोत, पण दिसत नाही.

न दिसण्याचा तोटा दुहेरी आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. २०१६ साली मोखाड्यातल्या कुपोषणाची पुन्हा तीच चर्चा झाली. तेव्हापासून कुपोषणावर अभ्यास, समित्या, योजना यांची रीघ लागली. पण या चर्चांत दारू आली ती बहुधा ठपका म्हणूनच. ‘हे लोक पितात, म्हणून पोरे मरतात,’ असे बोलून सुशिक्षित माणूस मोकळा होतो. या वाक्याला ना पुरावा लागतो ना उत्तर द्यावे लागते. रोजगार हमीची मजुरी वेळेवर का मिळाली नाही, अंगणवाडीतला आहार का पोचला नाही, रस्त्याअभावी बाळंतिणीला डोली करून का न्यावे लागले, हे सारे प्रश्न त्या एका वाक्याखाली गाडले जातात. नीट केलेला अभ्यासच हा ठपका पुसू शकतो आणि दारूचा खरा वाटाही दाखवू शकतो. दोन्ही हवे.

आणि खरा वाटा लहान नाही. केंद्रीय आरोग्य आणि आदिवासी विकास मंत्रालयांनी २०१३ साली डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली आदिवासी आरोग्यावर तज्ज्ञ समिती नेमली. २०१८च्या तिच्या अहवालात आदिवासी आरोग्याच्या दहा विशेष प्रश्नांत मलेरिया, कुपोषण, सिकलसेल यांच्या पंगतीत व्यसन आणि मानसिक आरोग्य हा स्वतंत्र प्रश्न धरला आहे. देशातल्या १५ ते ५४ वयाच्या आदिवासी पुरुषांत निम्म्याहून अधिक दारू पितात आणि इतरांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के आहे, असे त्यात नोंदले आहे.

आपल्याकडचे शरीर आधीच अशक्त असते, ही त्यातली मोठी गोष्ट. अति मद्यपान करणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. आधीच कमी वजनाचा, भट्टीच्या धुळीत राबणारा मजूर असेल तर त्यात भरच पडते. सिकलसेलच्या रुग्णाला दारूने शरीरातले पाणी कमी होऊन वेदनेचा झटका येऊ शकतो. उपाशीपोटी पिणाऱ्याला ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने मेंदू आणि नसांचे विकार होतात. यकृताचे वेगळे सांगायला नको. शिवाय रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. ‘शपथ घे आणि सोड’ एवढ्याने म्हणूनच भागत नाही. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय यांच्याकडे या उपचाराची तयारी असणे हा हक्काचा भाग आहे.

या भागात दारू मोजण्याच्या काही खास अडचणी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती ठराविक मापाच्या पेल्यांत उत्तर मागते. बाटलीबंद दारूचा पेला ठरवता येतो. मोहाच्या दारूची धार पहिली की शेवटची, यावर तिचा कडकपणा बदलतो, आणि ती पाव लिटरने, प्लास्टिकच्या पिशवीने किंवा अंदाजाने ओतली जाते. काळ्या गुळाची आणि नवसागराची गावठी वेगळी, डहाणूकडून येणारी ताडी वेगळी. त्यात कारखान्यातले मिथेनॉल मिसळले गेले तर काय होते, ते २०१५च्या जूनमध्ये मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली तेव्हा मुंबईने पाहिले. पूजेला शिंपडलेली, लग्नात घोटभर घेतलेली आणि रोज संध्याकाळी ठेकेदाराने उचलीत वळती केलेली दारू एकाच रकान्यात भरली तर उत्तर चुकणार. दिवाळीनंतर पाहणी केली तर पिणारे आणि न पिणारे सगळेच भट्टीवर. म्हणून पाहणी पावसाळ्यात हवी, गावच्या बोलीत हवी आणि विचारणारा गावातला हवा. ‘सर्च’च्या पद्धतीचे मोल इथे कळते.

आपल्या मुलखाला दारूविरुद्धचा उठाव नवा नाही. इंग्रज सरकारने १८७८च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्यांवर गदा आणून ठेकेदारांची मक्तेदारी बसवली, १८९२च्या मोहाच्या कायद्याने ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावरही बंधने घातली. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते, मोखाडा ठाणे जिल्ह्यात. पुढे १९२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली सलाबाई देवी अंगात येऊन सांगू लागली की दारू-ताडी सोडा, आणि ती लाट दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पसरली. लोकांनी दारूच्या पारशी मक्तेदारांवर बहिष्कार टाकला. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७च्या आपल्या पुस्तकात हा इतिहास उलगडला आहे. पुष्कळ गावांत व्रत पुढे सुटले. पण दारूमागे सावकार आणि ठेकेदार उभा आहे, हे त्या लोकांनी ओळखले होते.

आज साधने अधिक आहेत. जव्हार आणि मोखाडा पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६चा पेसा कायदा आणि २०१४चे राज्याचे नियम यांनी ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी वा नियंत्रण आणण्याचा अधिकार दिला आहे. उभी बाटली की आडवी, असे मतदान घेऊन दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात आहे. उपचाराला दरवेळी मनोविकारतज्ज्ञच लागतो असेही नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून चार शब्द बोलण्याचे उपचार करून पाहिले. २०१७च्या ‘लॅन्सेट’मधल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी घातक पिणे आटोक्यात आलेले पुरुष समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के होते, नेहमीच्या सेवेच्या गटात २६ टक्के. या अभ्यासाचा पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा होता. आपल्या आरोग्य केंद्रांतल्या उपचाराची परीक्षा परदेशी विश्वस्त निधीने करावी आणि आपल्या सरकारने करू नये, हे मनाला लागते.

आणि सरकारी संशोधनाची सोय आपल्या जिल्ह्यात आहेच. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची मुंबईतली संस्था त्याला मार्गदर्शन करते. गडचिरोलीत जे १९८८मध्ये एका लहान संस्थेने लोकांना हाताशी धरून केले, ते डहाणूच्या केंद्राने जव्हार-मोखाड्यातल्या ग्रामसभांना, आशा ताईंना आणि महाविद्यालयातल्या मुलामुलींना सोबत घेऊन करावे. उत्पादन शुल्काच्या महसुलातला एक लहानसा वाटा त्यासाठी राखून ठेवावा. निष्कर्ष आधी पाड्यावर वाचले जावेत, मग मंत्रालयात. जव्हार आणि मोखाड्याच्या लोकप्रतिनिधींना, पंचायत समित्यांना आणि गावोगावच्या महिला मंडळांना माझी विनंती आहे की, येत्या ग्रामसभेत असा अभ्यास मागणारा ठराव करा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.